फितींचा ताळा

वाचकहो, आमचे चौसाळा हे बीडहून दक्षिणेकडे, धाराशिव-सोलापूरला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. मी इतिहास शिकवतो. खेड्यापाड्यांत इतिहासाच्या मास्तराला एक जादा काम असते. कोणाच्या माळ्यावर जुने दप्तर निघाले, कोणाच्या देव्हाऱ्यामागे मोडीतला कागद सापडला, की लोक त्याला बोलावतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेतून असेच बोलावणे आले. मला वाटले, जुने रुमाल असतील, वाळवी लागलेल्या वह्या असतील. जाऊन पाहतो तो लोखंडी कपाटात कागदाचा कपटाही नव्हता. होत्या त्या काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या अशा प्लास्टिकच्या छत्तीस डब्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तारीख घातलेली. त्या डब्यांत चुंबकीय फिती होत्या. संगणकातल्या नोंदींची नक्कल दर शुक्रवारी त्यांवर उतरवून ठेवलेली होती.

“सर, फिती समद्या हायत. एक बी हरवली न्हाई,” तिथला कारकून मोठ्या अभिमानाने म्हणाला. आणि खरंच, त्याने त्या जिवापाड जपल्या होत्या. खंडेनवमीला कपाटाला हळदकुंकू वाहिलेले दिसत होते. अडचण अशी झाली होती, की विजेच्या एका जोरदार झटक्यात संगणक जळाला आणि त्याच सुमारास एक शिपाई निवृत्त झाला. त्याच्या नोकरीची, रजेची, कापलेल्या पैशांची सारी नोंद त्या संगणकात. आता फिती आहेतच, त्यातून नोंद काढू, असे सर्वांनी गृहीत धरले. शहरातून माणूस आणला, यंत्र आणले. छत्तीसपैकी बारा फितींवर काहीच उमटलेले नव्हते. पंधरा वाचता वाचता मध्येच अडत. नऊ पूर्ण वाचल्या गेल्या, पण त्या सर्वांत जुन्या, म्हणजे शिपायाच्या शेवटच्या कित्येक वर्षांची नोंद त्यांत येणे शक्यच नव्हते.

त्या माणसाचे निवृत्तिवेतन आठ महिने अडून राहिले. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले, की हजेरीची जुनी बुके रद्दीत घालायची राहून गेली आहेत. ती अडगळीच्या खोलीतून काढली, धूळ झटकली, आणि मग मी व तो कारकून अशा दोघांनी बसून महिन्यामागून महिना जुळवला. माझे त्या दिवशीचे काम एवढेच. परंतु घरी येताना एक प्रश्न मनात घेऊन आलो. फिती जपल्या होत्या, मग नोंदी का गेल्या? आज त्याच प्रश्नाचा थोडा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहे.

आधी फीत म्हणजे काय ते पाहू. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना ध्वनिफीत ठाऊक आहे. प्लास्टिकचा एक लांबलचक पातळ पट्टा, त्यावर लोहचूर्णासारख्या चुंबकीय कणांचा लेप, आणि ते कण पट्ट्याला धरून ठेवणारी एक प्रकारची खळ. कणांचे चुंबकत्व या दिशेला की त्या दिशेला, यावरून आवाज किंवा अक्षर लिहिले जाते. फ्रिट्झ फ्लॉयमर या गृहस्थाने १९२८ साली जर्मनीत कागदी पट्टीवर असा लेप देऊन पाहिला. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ नावाचे यंत्र मांडले गेले. म्हणजे फितीचे पहिले माहेर नभोवाणीचे. संगणकाच्या घरी ती पुढे नांदायला गेली.

१९५१ साली अमेरिकेत युनिव्हॅक हा संगणक सरकारी कामाला लागला. त्याची फीत प्लास्टिकची नव्हती, धातूची होती, आणि तिचे रीळ उचलायला चांगलेच जड असे. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आयबीएम कंपनीने ७२६ क्रमांकाचे यंत्र आणले. त्याची फीत अर्ध्या इंचाची, प्लास्टिकची आणि हलकी. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली काम करू लागला, आणि १९६४ साली तिथेच सीडीसी ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला. त्याला चुंबकीय फितींची यंत्रे जोडलेली होती. त्या काळच्या छायाचित्रांत कपाटाएवढ्या यंत्रांवर गरगर फिरणारी रिळे दिसतात. आज फिती लोप पावल्या असतील असे तुम्हाला वाटेल, पण तसे नाही. एलटीओ नावाची फीत २००० साली निघाली, तेव्हा एका डबीत शंभर गिगाबाइट माहिती मावत असे. २०२१ साली निघालेल्या तिच्या नवव्या पिढीच्या डबीत त्याच्या एकशे ऐंशी पट मावते, आणि आतली फीत एक किलोमीटरहून लांब असते. मोठमोठ्या संस्थांचा शेवटचा आधार अजूनही फीतच आहे. २०११ च्या फेब्रुवारीत गूगल कंपनीच्या एका चुकीमुळे काही हजार लोकांच्या जीमेलच्या पेट्या एकाएकी रिकाम्या झाल्या. यंत्रांत ठेवलेल्या साऱ्या प्रतींना त्या चुकीने गाठले. कपाटातल्या फितींना ती गाठू शकली नाही, आणि त्यांवरूनच पत्रे परत आली.

मात्र तिथे कोणीतरी त्या फिती वाचता येतात याची खात्री आधीच करून ठेवली होती. आमच्याकडचा फरक काय तो इथेच.

लिहिलेले बरोबर उतरले की नाही हे पाहण्याची युक्ती आपल्या लोकांना नवी नाही. आमच्या लहानपणी गुरुजी बेरीज झाली की ‘नवाचा ताळा’ करायला लावत. ३४७ आणि २५८ यांची बेरीज ६०५. आता ३, ४ आणि ७ मिळून १४, म्हणजे ५. २, ५ आणि ८ मिळून १५, म्हणजे ६. पाच आणि सहा अकरा, म्हणजे २. उत्तरातले ६, ० आणि ५ मिळूनही ११, म्हणजे २. ताळा जमला. पुन्हा सारी बेरीज न करता चूक ओळखण्याचा हा मार्ग आहे. पोथ्या लिहिणारेही हेच करीत. ग्रंथाच्या शेवटी ओव्यांची किंवा श्लोकांची संख्या नोंदवून ठेवत. नकलेत संख्या कमी भरली तर कुठेतरी पान सुटले हे नक्की. वेदपाठकांनी तर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी पुढचे-मागचे शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याची पद्धत काढली, म्हणजे एखादा शब्द घसरला तर तिथल्या तिथे कळावे.

संगणकाची फीतही असाच ताळा बरोबर घेऊन फिरते. आयबीएमच्या त्या पहिल्या फितीवर सात रांगा असत. सहा रांगांत अक्षर, आणि सातवी केवळ ताळ्यासाठी. सहा खुणांतल्या ‘एक’ची संख्या सम की विषम हे सातवी सांगे. एखादी खूण पुसली गेली की हिशेब बिघडे आणि यंत्र थांबे. पण पाहा, नवाच्या ताळ्यात जसे ६०५ च्या जागी ६५० लिहिले तरी ताळा जमतोच, तसे इथेही दोन खुणा एकदम बिघडल्या तर चूक लपते. म्हणून अधिक कडक ताळे शोधावे लागले. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली नुसती चूक दाखवणारी नव्हे, तर दुरुस्तही करणारी रीत प्रसिद्ध केली. शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून जावे आणि सोमवारी येऊन पाहावे, तो चूक सापडल्यामुळे यंत्राने काम टाकून दिलेले, याचा त्यांना उबग आला होता. यंत्राला चूक कळते, तर ती सुधारता का येऊ नये, हा त्यांचा प्रश्न. १९६० साली रीड आणि सॉलोमन यांनी आणखी समर्थ रीत काढली. आजच्या फितींच्या पोटात तिचाच वंशविस्तार आहे.

इथे एक मोठी मौज आहे, आणि धोकाही इथेच आहे. चूक दुरुस्त करणारी ही सोय इतकी निमूटपणे काम करते, की फीत झिजते आहे हे वापरणाऱ्याला कळतच नाही. पहिल्या वर्षी शंभर चुका झाल्या, त्या सुधारल्या गेल्या. पाचव्या वर्षी दहा हजार झाल्या, त्याही सुधारल्या गेल्या. माणसाला दोन्ही वेळा माहिती अगदी निर्दोष मिळते. मग एक दिवस चुका सुधारण्याच्या शक्तीपलीकडे जातात, आणि कालपर्यंत चांगली असलेली फीत आज मुकी होते. आतून पोखरलेला वासा वरून रंगवलेला असावा, तसे हे आहे. म्हणून जुनी फीत तपासायची म्हणजे ‘वाचली गेली की नाही’ एवढेच पाहून भागत नाही. वाचताना किती चुका सुधाराव्या लागल्या, हा आकडा यंत्राकडून मागून घ्यावा लागतो आणि गेल्या खेपेच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. आकडा चढत असेल तर फीत अजून बोलते आहे तोवर तिची नवी नक्कल करून घ्यावी.

फीत म्हातारी का होते? मुख्यतः त्या खळीमुळे. कण धरून ठेवणारा तो लेप हवेतला ओलावा शोषतो आणि हळूहळू सुटू लागतो. १९७० च्या दशकात बनलेल्या कित्येक ध्वनिफिती पुढे इतक्या चिकट झाल्या, की यंत्रात घालताच लेप खरवडून निघे. त्यावर तोडगाही चमत्कारिक निघाला. अशी फीत सुमारे चोपन्न अंश उष्णतेच्या भट्टीत काही तास मंद शेकायची. त्याने ओलावा निघून जातो आणि थोडे दिवस ती वाचण्याजोगी होते. तेवढ्या मुदतीत नक्कल करून मोकळे व्हायचे. फीत टिकावी म्हणून बनवणारे सांगतात ते हवामान साधारण सोळा ते पंचवीस अंशांचे आणि कोरडे. आता आमच्याकडचा वैशाख मनात आणा. पारा चाळिशीपार, वर पत्रा, कपाट लोखंडी, रस्त्यावरची धूळ, आणि मृगाचा पाऊस आला की एकाएकी दमट हवा. तीस वर्षे टिकण्याचे आश्वासन दिलेली फीत अशा कपाटात किती टिकेल, हे फितीला विचारल्यावाचून कळायचे नाही.

दुसरे कारण यंत्राचे. लिहिणारे डोके मळले, की फीत फिरते, दिवा लुकलुकतो, पण उमटत काही नाही. त्या संस्थेतल्या बारा कोऱ्या फितींचे असेच झाले होते. पडद्यावर दर शुक्रवारी इंग्रजीत एक सूचना येई. कारकून ती न वाचता कळ दाबून बाजूला सारी. त्याला तसेच शिकवले होते. मधल्या पंधरा फितींची गोष्ट निराळी. यंत्राचे डोके किंचित तिरपे झाले होते. त्यामुळे त्या यंत्राला आपलेच लिहिणे वाचता येत होते, दुसऱ्या कोणत्याही यंत्राला येत नव्हते. काही माणसांचे अक्षर नाही का त्यांचे त्यांनाच लागते, तसे. आणि ते यंत्र तर संगणकाबरोबरच जळाले. त्यांनी कधीतरी दुसऱ्या यंत्रावर एक फीत लावून पाहिली असती, तर ही गोष्ट वेळेवर उघड झाली असती.

हे दुखणे केवळ खेड्यातल्या संस्थेचे, असे मात्र समजू नका. १९६९ च्या जुलैत मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले. ते चित्र चंद्रावरून ज्या मूळ स्वरूपात पृथ्वीवर आले, ते दूरमापनाच्या फितींवर नोंदले गेले होते. घरोघरी दिसले ते त्यावरून बदलून घेतलेले, पुष्कळ अंधुक चित्र. पुढे मूळ फितींचा शोध घेतला, आणि २००९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने सांगितले, की फितींचा तुटवडा पडल्यावर बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जगातल्या एवढ्या मोठ्या घटनेची मूळ प्रत गेली. ती आगीत गेली नाही, युद्धात गेली नाही. कोठीघरातल्या काटकसरीने गेली.

१९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांची माहितीही फितींवर होती. १९९९ साली एका संशोधकाने ती मागितली. फिती जपलेल्या होत्या, पण त्यांवरची मांडणी काय, कोणत्या अंकाचा अर्थ काय, हे सांगणारे लोक उरले नव्हते. शेवटी उपयोगी पडले ते त्या वेळी कागदावर छापून ठेवलेले तक्ते. आमच्या हजेरीबुकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. याउलट १९६६-६७ मध्ये चंद्राची छायाचित्रे घेणाऱ्या ‘लूनार ऑर्बिटर’ यानांच्या फिती एका बाईंनी चिकाटीने सांभाळल्या. फितींबरोबर त्या वाचणारी, फ्रीजएवढी जुनी यंत्रेही सांभाळली. २००८ पासून काही मंडळींनी बंद पडलेल्या एका खाद्यगृहात ती यंत्रे मांडून दुरुस्त केली, आणि चाळीस वर्षांपूर्वी मिळाली होती त्याहून कितीतरी स्पष्ट चित्रे त्यांतून काढली. फीत, ती वाचणारे यंत्र आणि त्यातले कळणारा माणूस, हे तिन्ही जागेवर असतील तरच नोंद जिवंत म्हणावी. यातले एक जरी गेले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला नव्याने शिकवायला नको. निजामाच्या अमदानीत इथले सरकारी दप्तर प्रथम फारसीत आणि मग उर्दूत चाले, गावचे पुष्कळ लिखाण मोडीत होई. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, लिपी बदलली, कागद मात्र तहसिलीच्या अभिलेख कक्षात तसेच राहिले. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे सोडली गेली. तेव्हा पहिली हाक कशाची आली? मोडी वाचणारा द्या, उर्दू वाचणारा द्या. कागद होता, शाई होती, अक्षर होते, पण वाचणारे यंत्र, म्हणजे वाचणारा माणूस, विरळा झाला होता. एलटीओ फितीचीही रीत अशीच आहे. सातव्या पिढीपर्यंतच्या यंत्राला आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचता येत. आठव्या पिढीचे यंत्र मागची एकच पिढी ओळखते. म्हणजे फीत तीस वर्षे टिकली, तरी तिला ओळखणारे यंत्र तेवढे दिवस बाजारात मिळेल याचा भरवसा नाही.

जुन्या प्रतींची तपासणी म्हणजे काय, याचा आपल्या भाषेतला सर्वांत मोठा धडा आमच्या गोदाकाठचाच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षे ती नकलांवर नकला होत पसरली. लिहिणारा थकला की शब्द गाळी, कोणी कळत नाही म्हणून शब्द बदली, कोणी भक्तीच्या भरात आपली ओवी घाली. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे तीत कोणी आपली भर घालू नये असे शेवटी बजावून ठेवले. त्यांच्यापुढे पोथ्यांची वाण नव्हती. घरोघरी पोथ्या होत्या, पूजेत होत्या, सोवळ्यात होत्या. परंतु त्या मूळाशी जुळतात की नाही हे कोणीतरी बसून पाहायला हवे होते. ते काम नाथांनी केले.

आणि दुसरा धडा तर खुद्द बीडचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती नाथांच्याही पूर्वीची, असे त्यांचे मत. १९०९ साली त्यांनी तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली. पोथी खरोखर किती जुनी यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. मात्र तो वाद मिटवू शकली असती ती मूळ पोथीच पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. छापील नक्कल हाती, पण जिच्याशी ती ताडायची ती मूळ प्रत नाही. राजवाड्यांसारख्या पुरुषाचा शब्ददेखील तिथे अपुरा पडतो. माणूस थोर की लहान याला ताळ्याच्या कामात महत्त्व नसते. दुसऱ्या कोणाला पुन्हा जुळवून पाहता येते की नाही, याला असते.

आता अगदी कालपरवाची गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर चढला. लाखो उतारे हातांनी टंकायचे म्हणजे चुका होणारच. नाव चुकले, क्षेत्र चुकले, वारस गळला. म्हणून २०१७ साली गावोगाव ‘चावडी वाचन’ झाले. तलाठ्याने संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि गावाने ऐकायचा. “आवं, थांबा, माझ्या बापाचं नाव काशिनाथ, काशिराम न्हाई,” असे कोणी उठून म्हणाले की तिथे खूण करायची, हस्तलिखित उताऱ्याशी ताडायचे आणि दुरुस्त करायचे. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला घर सोडून जातात. मागे राहते ते एक कुलूप आणि सरकारी दप्तरातले एक नाव. ते नाव बरोबर आहे की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या कानांनी ऐकणे, यापरते मोठे काम दप्तराचे कोणते? तपासणीची सारी विद्या त्या चावडीवर एकवटलेली होती. नक्कल वाचली गेली, मूळ समोर होते, आणि ज्याला खरे ठाऊक तो ऐकायला बसला होता.

फितींचीही चावडी भरवता येते. ती कशी, ते थोडक्यात सांगतो. प्रथम आपल्याकडे कोणत्या फिती आहेत आणि त्यांत काय असायला हवे, याची यादी कागदावर करावी. फितीवरची खिट्टी सरकवून ती केवळ वाचण्याजोगी करावी, म्हणजे तपासता तपासता पुसली जायची नाही. यंत्राचे डोके साफ करावे. थंड कोठीतून आणलेली फीत लगेच यंत्रात घालू नये, एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्यावी. मग जिने लिहिले त्याहून वेगळ्या यंत्रावर ती वाचावी, आणि वाचताना झालेल्या दुरुस्त्यांचा आकडा टिपून ठेवावा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फितीवरची नोंद दुसऱ्या रिकाम्या संगणकावर खरोखर उतरवून, उघडून पाहावी. यादी दिसली म्हणजे मजकूर आला असे नव्हे. लिहिताना काढून ठेवलेला ताळा असेल तर तो पुन्हा करून जुळवावा. सर्व फिती तपासणे झेपत नसेल तर प्रत्येक सालातली एक तरी तपासावी, आणि जुनीपासून सुरुवात करावी. जी डळमळीत वाटेल तिची नक्कल त्याच आठवड्यात करावी, पुढच्या वर्षावर टाकू नये.

लिहिण्याच्या वेळी यंत्र स्वतः पडताळा घेतेच, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. घेते हे खरे. लिहिणाऱ्या डोक्यामागे लागूनच वाचणारे डोके असते आणि उमटलेले तत्क्षणी वाचले जाते. परंतु त्याने सिद्ध होते ते एवढेच, की त्या दिवशी, त्या यंत्रावर, फीत चांगली होती. बारशाच्या दिवशी मूल धडधाकट होते म्हणून त्याला जन्मभर वैद्य लागणार नाही, असे आपण म्हणतो का?

त्या संस्थेची गोष्ट सांगून थांबतो. शिपायाचे निवृत्तिवेतन सुरू झाले. मागची आठ महिन्यांची थकबाकीही मिळाली. संस्थेने नवा संगणक घेतला, नव्या फिती घेतल्या. कारकून तोच आहे. मधल्या काळात त्याला कोणी बोल लावला नाही, पण त्यालाच ते लागून राहिले होते. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे वहीपूजन करतात. त्या दिवशी तो आता पूजा आटोपली की कपाटातली एक फीत काढतो, शेजारच्या शाळेतल्या यंत्रावर लावतो, आणि तिच्यातले एक पान छापून हजेरीबुकाशी जुळवतो. जुळले की वहीत तारीख घालून सही करतो. दुसरी सही त्याने माझ्याकडून घेतली. आपल्या एकट्याच्या सहीवर, म्हणाला, भरवसा ठेवू नका.

वाचकहो, तुमच्याही घरी काही जपून ठेवलेले असेल. कुणाच्या लग्नातल्या फिती असतील, आजोबांच्या आवाजाची एखादी कॅसेट असेल, मुलांच्या फोटोंची चकती असेल. ती कपाटात आहे याचे समाधान मानू नका. एकदा काढा, लावा, आणि शेवटपर्यंत ऐका किंवा पाहा. चालत असेल तर तारीख टिपून ठेवा. चालत नसेल, तर निदान मूळ कुठे शोधायचे हे माहीत असलेली माणसे अजून हयात आहेत तोवर तुम्हाला कळेल.